न कापलेला ताव

तुमच्या ओळखीच्या माणसाच्या पिशवीत परदेशी नोटांचा अख्खा ताव सापडला, आठ नोटा एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये कुठे पातं न लागलेल्या, आणि तो माणूस छापखान्यात कामाला असला, तर तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? खरं सांगा. माझ्या तोंडून निघाला तोच निघेल. गल्लीतल्या पोराटोरांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून तोच निघाला होता. तेव्हा उगाच साळसूद चेहरा करून पुढचं वाचू नका.

ज्यांच्या पिशवीत तो सापडला त्यांना सगळे पट्टीमामा म्हणतात. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं तशी ह्यांच्या खिशात स्टीलची पट्टी असते. छापून आलेले मोठे ताव मशीनखाली घालून कापायचे, हे त्यांचं काम. पावतीपुस्तकं, बसची तिकिटं, बक्षिसाची कुपनं, सगळं त्यांच्या हातून सुटं होऊन बाहेर पडतं. आणि माणूस असा संशयी, की दूधवाला माप ओतून गेला की भांडं उजेडात धरणार. बायकोने पुढे ठेवलेला चहासुद्धा आधी हुंगणार.

"विष घालायचं असतं तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी घातलं असतं," मामी म्हणतात. "आता एवढ्या महागाईत कशाला?"

अशा माणसाला छंद लागला परदेशी नोटांचा. पहिली नोट त्यांनी चौकातल्या दुकानातून घेतली. तिथला दुकानदार जुनी नाणी विकतो, बाहेरदेशचे पैसे बदलून देतो आणि बोलताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता खिशाकडे बघतो. नोट कोरी करकरीत आहे, हाताळलेलीच नाही, असं सांगून त्याने दिली. घरी येऊन मामांनी पट्टी लावली. नोट एका अंगाने केसभर कमी भरली. मळकी कड कापून तिला ताजी केली होती. कापणाऱ्यालाच कापलेली विकली! मामा तसेच उलट पावली दुकानात गेले, तर दुकानदार म्हणतो, "मामा, त्या देशातल्या पट्ट्या वेगळ्या असतील."

त्या दिवशी मामांनी कानाला खडा लावला. मधला माणूस नको. नोट जी बँक काढते, तिच्याकडूनच घ्यायची. असं करता येतं हे मला त्यांच्यामुळेच कळलं. काही देशांच्या बँका छंद असलेल्या लोकांना नव्या नोटा थेट विकतात, घरपोच पाठवतात. काही तर न कापलेले तावही देतात. मामांची भाची मोबाईलवर हा कारभार बघते. कार्ड तिचं, पैसे मामांचे. तिचा अंगठा स्क्रीनवर पडला की मामा दर वेळी विचारतात, "दोनदा दाबलं नाहीस ना?"

हा ताव समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाचा. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांना कशाला साक्षीला ओढा. प्रत्येक नोटेवर एक लांब चोचीचा पक्षी, एका पायावर उभा. मामांनी कवळीसाठी ठेवलेले पैसे ह्यात घातले. मामी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. आता नोटाच चावा."

इथवर ठीक होतं. घोळ झाला तो पत्त्यामुळे. मामांच्या जिन्याखालच्या टपालपेटीला कुलूप नाही. मागे त्यातून त्यांचं एक पाकीट गेलं होतं, आणि वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाईंवर त्यांचा अजून संशय आहे. म्हणून ह्या वेळी त्यांनी छापखान्याचा पत्ता दिला. तिथे फाटकावर पहारेकरी असतो, टपाल सही घेऊन देतात. केवढी ही अक्कल! छापखान्याचा नियम काय? छापलेला पण न कापलेला कागद फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही. जिथे कुपनं छापतात तिथे असा नियम असणारच, आणि तो मामांना तोंडपाठ. पण ताव हातात आल्यावर त्यांना दम निघाला नाही. गोदामामागे जाऊन त्यांनी पुठ्ठ्याची नळी उघडली, पट्टी लावली, आठही नोटा बरोबर भरल्या. नळी पिशवीत मावेना, ती तिथेच टाकून दिली आणि ताव हलक्या हाताने गुंडाळून जेवणाच्या डब्याशेजारी ठेवला.

संध्याकाळी पहारेकऱ्याने पिशवी उघडली.

"मामा, हे काय?"

"नोटा."

"त्या दिसतायत मला. पण सुट्या का नाहीत?"

ह्यावर मामांनी काय उत्तर द्यावं? "अजून कापल्या नाहीत."

कपाळावर हात मारा तुम्ही. मीही मारला.

मालकाने ताव आपल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पोलिसांना कळवतो असंही म्हणाला. कळवलं मात्र नाही. हे लक्षात ठेवा.

माझा ह्यात संबंध काय, तेही सांगते. मी कामगारांच्या तक्रारी लिहून देते. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. कायदा वाचला तो रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून, आणि नवी पुस्तकं वाचलेल्या साहेबांना तो मीच समजावते. मामांची तक्रार मी ह्या प्रकाराच्या थोडं आधीच लिहिली होती. कागद कापायच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे एकही हात पात्याखाली नाही. इतकी साधी गोष्ट. मालकाने आतून तार जोडून एक बटण कायमचं दाबल्यासारखं करून टाकलं होतं, म्हणजे एका हाताने कागद सरकवा, दुसऱ्याने कापा, काम भराभर उरका. बाहेरून काहीच दिसत नाही. मामा म्हणाले, तार काढा, मग कापतो. मालक म्हणाला, कसली तार? तेव्हापासून मामांनी त्या मशीनला हात लावला नव्हता. कामगार कार्यालयात सुनावणी लागली होती आणि मामा माझे एकुलते एक साक्षीदार होते. असा माझा साक्षीदार नोटा छापतो म्हणून गावभर झालं!

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "मामा, छापल्यात का?"

मामा खुर्चीतून उठले. "ताई, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. बोला."

"छापायच्याच असत्या तर आपल्या देशाच्या छापल्या असत्या. ह्या घेऊन मी काय भाजी आणणार?"

"आणि ह्यांना भाजी आणायला पाठवलं तर दुकान बंद होईपर्यंत पडवळ मोजत बसतील," मामी आतून म्हणाल्या.

भाचीने बँकेचं पान उघडून दाखवलं. तोच ताव, तोच पक्षी, विकायला ठेवलेला. पैसे भरल्याचा निरोपही होता. माझं समाधान झालं. आम्ही तिघं ते घेऊन मालकाकडे गेलो. मालकाने मोबाईल हातात घेतलासुद्धा नाही.

"नेटवर काय, काहीही दाखवतात," तो म्हणाला. "मला डोळ्यांसमोर पुरावा हवा. मामांनी आमच्या मशीनवर एक नोट कापावी, सगळ्यांसमोर. चौकातला दुकानदार ती तपासेल. खरी निघाली तर दुसऱ्या दिवशी कामावर या. ताव घेऊन जा, मी अडवणार नाही."

ऐकायला किती सरळ! घरी आल्यावर मामी म्हणाल्या, कापा की एक, सात राहतील. भाची म्हणाली, मामा, एकच तर आहे. त्यांना कळत नव्हतं. एक नोट कापली की तो ताव राहत नाही, नुसत्या सात नोटा राहतात. आणि न कापलेला आहे म्हणून तर मामांनी तो घेतला होता. पण नाही कापला तर काम गेलं, वर चोरीचा डाग, आणि ह्या वयात दुसरं कोण ठेवून घेणार? मामा खिशातली पट्टी काढून तिच्यावरून अंगठा फिरवत बसले.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. नोट कापायला कात्री चालते. त्याच्याच मशीनवर का? सगळ्यांसमोरच का? सुनावणी तोंडावर असतानाच का? आणि पोलिसांना कळवणार होता, त्याचं काय झालं? मग डोक्यात उजेड पडला. मामांनी दहा माणसांदेखत त्या मशीनवर काम केलं, की मालक कार्यालयात जाऊन सांगणार: साहेब, ज्याने तक्रार केली तोच आनंदाने मशीन चालवतो, विचारा ह्या सगळ्यांना. त्याला नोट खरी की खोटी ह्याच्याशी कर्तव्यच नव्हतं. मामा खाली उतरले तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. ते "हूं" म्हणाले आणि वर गेले. आता हा माणूस उद्या काय करणार, ह्याचा मलाही भरवसा वाटेना.

दुसऱ्या दिवशी कापणी खात्यात गर्दी होती. छपाईवाले, बांधणीवाल्या बायका, पहारेकरी, चौकातला दुकानदार. मला बघून मालक म्हणाला, "बाई, आज परत? तुम्ही ह्यांच्या कोण लागता?"

"मी ह्यांची तक्रार," मी म्हटलं.

मालकाने कपाटातून ताव आणला. त्याने तो रबर लावून घट्ट गुंडाळून ठेवला होता. ते रबर बघून मामांच्या जबड्याची शीर ताठ झाली. दुकानदार तावावर वाकला, बोट फिरवलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"मला तर नकली वाटतो. पण अख्खाच्या अख्खा कशाला नासवता? मला द्या, काहीतरी देईन त्याचं."

"नकली आहे तर तुला कशाला?" मामा म्हणाले.

"आपला छंद म्हणून."

"मग कडा मीच कापून देऊ, की घरी नेऊन कापतोस?"

आधीची गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, तरी बरेच जण हसले. दुकानदार एवढा लाल झाला की न हसणाऱ्यांनाही काहीतरी कळलं.

मामांनी फडक्याने मशीनचं टेबल पुसलं. ताव पसरला. पट्टी लावली, वरून, बाजूने. "सगळा आहे," म्हणाले. मग तो पात्याखाली सरकवला, कोपऱ्यातला पक्षी बरोबर धारेखाली. मालक छातीवर हात बांधून उभा होता. मला राहवेना.

"मामा, नको!"

"ताई, जरा गप्प बसता का? जन्मभर कापतोय मी."

असं म्हणाले, आणि त्यांनी ताव बाहेर ओढला. डाव्या हातात धरून तो हात सरळ डोक्यावर उंच केला, शाळेत उत्तर येणारं पोर करतं तसा. आठही पक्षी वर लोंबत होते. टेबलावर एक रद्दी कागद सरकवला आणि उजव्या हाताने एक बटण दाबलं. एकच.

पातं धाडकन खाली आलं. रद्दीचे दोन तुकडे.

मामा हात वरच ठेवून म्हणाले, "बघितलंत? आता सांगा, दुसरं बटण कुणी दाबलं?"

मालक बोट नाचवत पुढे आला आणि गर्दीकडे बघून जागीच थांबला. ही माणसं त्यानेच बोलावली होती. मामांनी ताव गुंडाळला आणि फाटकाकडे चालू लागले. पहारेकरी धावत मागे आला.

"मामा, नियम आहे. न कापलेला कागद..."

"आपल्याकडे छापलेला असेल तर अडव."

पहारेकऱ्याने ताव उन्हात धरला. "नाही हो," म्हणाला. "रंग जागच्या जागी बसलेत. आपल्याकडचा नाही." आणि त्याने फाटक उघडलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहीत बसले नसते. त्याच संध्याकाळी मालकाने वायरमन बोलावला. आता मशीन दोन्ही बटणांशिवाय हलत नाही, आणि ते पहिल्यापासून तसंच होतं म्हणे. मामांना कामावर घेतलेलं नाही. शिस्तभंग केला म्हणे. तार गेली, आता उरले डोळे. त्या डोळ्यांचं काय झालं ऐका. एक जण म्हणतो, मी मोबाईल बघत होतो. एकीच्या डोळ्यात नेमकं तेव्हाच काहीतरी गेलं. तिसरा म्हणतो, माझं लक्ष पक्ष्यांकडे होतं. पहारेकऱ्याची पाळी बदललीय, तो भेटतच नाही. कुणाच्या घरी कोण जाऊन आलं, मला कळतं. आणि लोकांचं पोट मला दिसत नाही असंही नाही.

ताव मामांच्या घरी आहे. कुठे, ते मला सांगत नाहीत. मी म्हटलं, सुनावणीला आणा, दाखवू. ते म्हणाले, "ताई, तुमच्यावर विश्वास आहे. पण ताव माझ्याकडेच राहील." रबराचा वळ गेला का, हे मात्र ते रोज पट्टी ठेवून बघतात, असं मामींनी मला हळूच सांगितलं. जेवताना अजून एकाच बाजूने चावतात.

तेव्हा आता मुद्द्याचं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या दिवशी कापणी खात्यात उभं असेल, किंवा उभ्या असलेल्यांपैकी कुणी तुमच्या घरात राहत असेल, तर सोमवारी सकाळी त्याला घेऊन कामगार कार्यालयात या. नोटांबद्दल काही बोलू नका, माझ्यासाठी भाषण करू नका, मालकाला शिव्याही नकोत, त्या मी देईन. साहेबांसमोर उभे राहा आणि एवढंच सांगा, की पातं खाली आलं तेव्हा पट्टीमामांचा डावा हात कुठे होता.