साडूंची दुबई

दुबईला जाणारा एक वेळ पासपोर्ट विसरला तरी चालेल, पण आमच्या साडूंना न विचारता त्याने विमानात बसू नये. म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान, जर्मनीत वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत ते. रविवारी तिथल्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत असतो आणि हे गृहस्थ फोनवर कुणाला तरी वाळवंटात काय घालावं हे मधूनमधून जर्मन शब्द पेरत बजावत असतात. "आल्झो, ऐका! सफारीआधी पोटभर जेवायचं नाही. गाडी वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारते, खाल्लेलं सगळं बाहेर येतं. आणि मॉलमध्ये शाल हवीच. बाहेर भट्टी, आत फ्रीज!" मेट्रोत खायला बंदी आहे, हे त्यांनी सांगितल्यावर मी गमतीने विचारलं, "फुटाणेसुद्धा नाहीत?" झालं! आम्ही दुबईत मेट्रो स्टेशनवर पोचलो तर यांचा व्हिडिओ कॉल. मला खिसे उलटे करून दाखवावे लागले.

गंमत म्हणजे दुबईत बघायचं काय, हे ते कधीच सांगत नाहीत. कुठल्या बाकावर दुपारी सावली असते, कुठली लिफ्ट जवळ पडते, मऊ वरणभात कुठे मिळतो, हे मात्र तोंडपाठ. "अहो, पण तो उंच मनोरा?" "तो दिसतोच हो. बाक शोधावा लागतो."

बाक लागतो त्यांच्या आईला. वडिलांच्या तेराव्याला गोड काय करायचं, यावरून साडूंचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं वाजलं. वडिलांना श्रीखंड आवडायचं म्हणून साडू अडून बसले, दादांनी जिलबी केली. तेव्हापासून "दादाच्या घराची पायरी चढणार नाही" ही यांची प्रतिज्ञा. आई राहते दादांकडे, पुण्यात. जर्मनीची थंडी तिला सोसत नाही. मग दर हिवाळ्यात दादा तिला तिकडून विमानात बसवून द्यायचे आणि हे जर्मनीहून येऊन दुबईत उतरवून घ्यायचे. आईच्या गोळ्यांचे निरोप दोघांच्या बायकांमार्फत. असे हट्टी भाऊ शोधून सापडायचे नाहीत. आणि अशा मुलांची आईही धन्य, गुडघे धरून वर्षानुवर्षं वाळवंटात येत राहिली.

यंदा डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास बंद केला. तिला भेटायचं तर दादांच्या घरी जाण्यावाचून इलाज नव्हता. त्या रविवारी साडूंचा फोन आला, तर नेहमीचं जर्मन आल्झो नाही, गेनाऊ नाही. मलाच धास्ती वाटली.

"अहो, डिसेंबरात पुण्यात स्वेटर लागतो का हो?"

पुण्यात लहानाचा मोठा झालेला माणूस हे मला इथे जर्मनीतच, कार्ल्सरूहेला फोन करून विचारत होता. एरवी मी त्यांची यथेच्छ फिरकी घेतली असती. पण जीभ रेटेना. "सकाळी लागतो," म्हणालो.

"बरं." त्यांनी स्वेटर यादीत लिहून घेतला. "आणि दादाकडे जाताना काय नेऊ हो? श्रीखंड?"

"जिलबी न्या, साडूभाऊ."

मला वाटलं, आता वाद घालतील. घालायला हवा होता, त्यांचा स्वभावच तो.

"बरं," ते म्हणाले, "चांगली कुठे मिळते?"