जरीनाचा हेवा

जरीना गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. म्हसावदच्या घरी सकाळी चहाचं आधण ठेवून मोबाइल उघडला, तर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या स्टेटसवर तिचा फोटो. हिरवी साडी, हातात माइक, डोळे मिटलेले, आणि फोटोखाली जोडलेल्या हातांचं चिन्ह. पुढचं स्टेटस पाहिलं, तिथेही तीच. त्याच्या पुढेही तीच. जिला मी परकर-पोलक्यात असल्यापासून ओळखत होते, तिच्या मरणाची बातमी मला अशा लोकांकडून कळली, ज्यांची आणि तिची भेट फक्त मोबाइलवरची. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की ह्यांना माझ्या आधी कसं कळलं...

एसटीने शहाद्याला पोहोचले तर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच गर्दी होती. सुरतेच्या, धुळ्याच्या, नंदुरबारच्या गाड्या लागलेल्या. आत बायकांमध्ये मला कशीबशी बसायला जागा मिळाली. एक तरुण मुलगी पलंगाचा खूर धरून 'अम्मा, अम्मा' करत रडत होती. मला वाटलं भाची असेल. चौकशी केली तर ती सुरतेहून आलेली, कार्यक्रमात जरीनाच्या मागे कोरसला उभी राहणारी मुलगी निघाली. मला असं रडता येत नव्हतं, आणि त्या मुलीचं ते मोकळं रडणं मला सहन होत नव्हतं. मैत्रिणीच्या मयताला जाऊन दुसरीच्या रडण्याचा हेवा करणारी बाई मी. आता महिना उलटून गेलाय, तरी तो हेवा तसाच आहे. जरीनाविषयी लिहायचं तर त्याच्यासकटच लिहावं लागेल, कारण आमच्या दोघींच्या मैत्रीत तो पहिल्यापासून घरच्या माणसासारखा वावरत होता.

माझं माहेर शहाद्याचं. वडिलांची केळीची आणि कापसाची शेती, घरात पेटी, आणि मला गाणं शिकवायला येणारे गुरुजी. जरीनाचे वडील करीमचाचा पिंजारी, गाद्या-रजया भरायचे. पिंजणाची तात टणकारली की कापूस उडायचा, आणि त्या टणत्कारात आपला सूर मिसळून जरीना गायची. केसांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू, आणि त्यातून निघालेला तो रुंद, किंचित खरखरीत आवाज. त्या आवाजाला कुणी वळण लावलेलं नव्हतं. एकदा गुरुजी मला पलटे शिकवत असताना ती आमच्या ओट्यावर माझी वाट पाहत बसली होती, आणि बसल्या बसल्या गुणगुणत होती. गुरुजी बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, 'मीनाक्षी, तू चालू ठेव.' मी चालू ठेवलं, पण त्यांचा कान दाराकडे लागलेला मला दिसत होता. हेवा म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस मला मिळालं आणि 'वन्समोअर' तिला. बक्षिसाचा तो पेला कुठे गेला ते मला माहीत नाही. तो 'वन्समोअर' मात्र मला अजून ऐकू येतो.

ज्या गाण्याने ती खान्देशात घरोघरी पोहोचली, ते गाणं माझं. एका श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळे भाऊबंद गोळा झाले होते. माझा मोठा भाऊ तेवढा नोकरीच्या गावी अडकला होता आणि मी रुसून बसले होते. त्या रुसव्यात ओळ सुचली. 'हयू हयू चाल वं गोमाई, मन्हा भाऊ येवाले शे.' नदीबाई, जरा हळू वाहा, माझा भाऊ यायचा आहे. चालही माझीच. दुसऱ्या दिवशी गोमाईच्या काठी दगडावर बसून मी ते जरीनाला ऐकवलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, 'परत म्हण ना वं.' मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा तिनेच म्हटलं, आणि मला वाटलं की हे गाणं आपण तिच्या घरातून उचलून आणलं असावं.

पुढे यंत्रावर कापूस पिंजून मिळायला लागला आणि करीमचाचांचं काम बसलं. तेव्हा जरीना बँडच्या गाडीवर उभी राहून वरातीत गायला लागली. बँडमध्ये बाई, तीही मुसलमानाची लेक. गल्लीत बोलणं झालं, मशिदीबाहेर झालं, आमच्या घरातही झालं. करीमचाचा फारसं बोलणारे नव्हते. तिच्या गळ्याविषयी ते सगळ्यांना एकच सांगायचे, 'अल्लानी गया दिधा शे. तो काय संदूकमा ठेवानी चीज शे?' माझ्या लग्नालाही तोच बँड होता. मी शालूत, मुंडावळ्या बांधून बसले होते, आणि वरातीतले सगळे चेहरे नवरीकडे पाठ करून बँडच्या गाडीकडे वळलेले होते. माझे होणारे दीरसुद्धा. ती गाताना मधेच माझ्याकडे बघून हसत होती. मैत्रिणीच्या लग्नात गायला मिळालं म्हणून ती मनापासून खूश होती, ह्याचा मला जास्तच राग येत होता.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती म्हसावदला माझ्याकडे आली. सुरतेच्या एका कॅसेटवाल्याला आपल्या भाषेतली गाणी हवी होती. आपल्याकडची कितीतरी माणसं सुरतेत मागावर कामाला. त्यांना गावाकडचा आवाज ऐकायचा असतो, असं त्याचं म्हणणं. दोन बायकांचे आवाज पाहिजेत. जरीनाने त्याला सांगून टाकलं होतं की दुसरा आवाज मीनाचा. सासरे ओसरीवर बसले होते. त्यांनी तिला चहा पाजला, करीमचाचांची चौकशी केली, आणि शांतपणे म्हणाले की गाणं घरात चांगलं. विषय तिथेच संपला. मी तिला पोहोचवायला फाट्यापर्यंत गेले. ती म्हणाली, 'तू नही येस तरी तुन्हं गानं मी लई जास. नाव टाकू ना तुन्हं?' सासऱ्यांच्या हातात ती कॅसेट पडली तर काय होईल, हे मला दिसत होतं. मी नको म्हटलं.

कॅसेट आली. वेष्टनावर जरीनाचा फोटो, आणि माझ्या गाण्यापुढे छापलेलं, 'पारंपरिक'. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं अक्कलकुव्याला, एका लग्नाहून परतताना. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर गुजरातेत जाणारे ट्रक उभे होते आणि एका ट्रकमधून जरीना गात होती. शेजारची एक बाई आमच्या सासूबाईंना म्हणाली, 'लई जुनं गाणं आहे हे. आमची आजी म्हणायची.' विशी ओलांडलेली नसेन मी तेव्हा, आणि उभ्या उभ्या कुणाची तरी आजी होऊन बसले. घरी येऊन भाकरी थापताना मी ते गाणं मनात म्हणून पाहिलं. ते तिच्याच आवाजात आलं.

त्यानंतर ती थांबली नाही. सुरतेचा ऑर्केस्ट्रा, मग नाशिक, मग पुण्यातले खान्देशी लोकांचे मेळावे. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडीही गेल्या. मधली काही वर्षं तिला कुणी विचारेना, तेव्हा ती परत शहाद्यात हळदीच्या कार्यक्रमांना गायला लागली. सांगायला नको, पण ती वर्षं मला बरी गेली. मग तिच्या पुतण्याने माझंच गाणं नव्या वाद्यांवर बसवून मोबाइलवर टाकलं आणि ती पुन्हा सगळीकडे झाली. ज्या पोरांनी गोमाईला कधी पूर आलेला पाहिला नाही, ती त्या गाण्यावर नाचायला लागली. एका मराठी चित्रपटात ती गायली. पुण्यात तिचा मोठा पुरस्कार झाला. ह्यातली प्रत्येक बातमी मला शाळेत कळायची. सासरे गेल्यावर मी म्हसावदच्या शाळेत संगीत शिकवायला लागले होते, आणि साधारणपणे पाहुण्यांसाठी स्वागतगीत बसवत असताना कुणीतरी येऊन सांगायचं, 'मॅडम, तुमच्या मैत्रिणीचं ऐकलं का?' मी हसून हो म्हणायचे, आणि मनातल्या मनात माझं नेहमीचं वाक्य म्हणायचे. त्या दिवशी मला सुरतेला जाऊ दिलं असतं तर... त्या वाक्याला टेकून मी बरीच वर्षं काढली.

पुरस्कारानंतर शहाद्यात तिचा नागरी सत्कार झाला. मैदान भरून माणसं. आमचे हे पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. हारतुरे झाले आणि जरीनाने माइक हातात घेतला. ती म्हणाली, 'हाई गानं मन्हं नही. हाई गानं मन्ही मैतरीन मीनानं शे. ती आठेच बठेल शे.' मला कुणीतरी उठवलं, कुणीतरी हाताला धरून पायऱ्यांवरून वर नेलं. ह्यांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि ते सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. जरीनाने माइक माझ्या हातात दिला.

मी गायले. सूर सोडला नाही, ताल चुकला नाही, शब्द माझेच होते. पहिलं कडवं लोकांनी नीट ऐकलं. दुसऱ्या कडव्याला बायका आपापसात बोलायला लागल्या. एक माणूस खुर्ची उचलून सावलीत सरकवत होता. संपल्यावर टाळ्या पडल्या, सभ्य माणसं देतात तशा. आणि मागून आवाज आला, आता जरीनाबाईंनी म्हणावं. तिने मान हलवून नाही म्हटलं, माझ्याकडे बघून पुन्हा नाही म्हटलं. लोक ऐकेनात. शेवटी तिने नुसती पहिली ओळ घेतली, तीही हळू, बसल्या आवाजात. सगळं मैदान गप्प झालं. मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या पुढ्यातली एक म्हातारी रडत होती, आणि खरं म्हणजे... मलाही रडू येत होतं. भाऊ यायचा आहे, तो अजून आलेला नाही, हे मी लिहिलं होतं; पण ते काय आहे ते तिच्या तोंडून कळत होतं.

त्या दिवशी माझं ते टेकायचं वाक्य गेलं. सुरतेला मला जाऊ दिलं असतं, तरी त्या ट्रकमधून आवाज तिचाच आला असता. आधी मी तिच्या नशिबाचा हेवा करत होते. तो बरा होता, त्यात नशिबाला शिव्या देता यायच्या. आता शिव्या द्यायला कुणी उरलं नाही.

शेवटी साखरेच्या आजाराने तिची मूत्रपिंडं घेतली. मी भेटायला गेले तेव्हा ती खिडकीशी उशीला टेकून बसली होती. आवाज पार बारीक झालेला. तिची लेक शबाना चहा करायला आत गेली आणि जरीनाने मला विचारलं, 'मीना, तुले मन्हा हेवा वाटस ना?'

इतक्या वर्षांत हा शब्द आमच्यात कधी उच्चारला गेला नव्हता. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि जमलं नाही. म्हटलं, 'वाटस. पहिलापाईन वाटस.'

'बरं शे,' ती म्हणाली. 'बाकी बठ्ठा लोके माया करतस. पन गानं ज्याले समजस, त्यालेच हेवा वाटस.' जरा दम घेतला आणि म्हणाली, 'तू बंद नको करजो.'

मग शबाना चहा घेऊन आली आणि आम्ही तिच्या नातवंडांविषयी बोललो.

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारी हळद होती. अक्कलकुव्याकडची एक मुलगी गायला आली होती, विशी-बाविशीची असेल. संध्याकाळी तिने गोमाईचं गाणं घेतलं. मुलीचा गळा गोड आहे, सूर पक्का आहे, लोक माना डोलवत होते. मी अंगणाच्या कडेला खुर्चीवर बसून ऐकत होते, आणि नेहमीची ती छातीतली जळजळ सुरू होण्याची वाट पाहत होते. गाणं संपत आलं तरी ती आली नाही. मी अगदी शांत होते. बायकांशी बोलत होते, पोरांना लाडू वाटत होते.

जरीना कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन करायची. पुणं असो, सुरत असो, पहिला फोन मला. कसं झालं असं तिने कधी विचारलं नाही. 'सांग, काय चुकनं?' एवढंच विचारायची. आणि कुणीतरी पाठवलेलं तिचं चित्रण मी आधीच ऐकून, कान टवकारून, चुका वेचून ठेवलेल्या असायच्या. इथे श्वास तुटला, तिथे तू वर जायला नको होतं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी तसंच वर जायची.

हळदीचं गाणं संपल्यावर ती मुलगी माझ्या पाया पडायला आली. मी गाणं शिकवते हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिने विचारलं, 'मॅडम, कसं झालं?'

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, 'छान झालं.'

हा शब्द जरीनाने माझ्याकडून कधी ऐकला नाही, आणि मागितलाही नाही. घरी येऊन मी दार लावलं, आणि तिच्यासाठी पहिल्यांदा, त्या सुरतेच्या मुलीसारखी, आवाज करून रडले.