फ्योक्लाने लेकीला सांगितलं नाही

फ्योक्ला तायबारेईचे आईबाप रशियाच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रातल्या नोवाया झेम्ल्या या जोडबेटांपैकी एकावर बोटीने उतरले तेव्हा तिथे धूर निघेल अशी चूल क्वचितच होती. मुख्य भूमीवर त्यांचे रेनडिअर रोगाने मेले होते. उपाशी मरण्यापेक्षा सील मारून जगू, असं बापाने ठरवलं. फ्योक्ला त्या बेटावरच जन्मली, तिथेच वाढली आणि प्रोकोपीशी लग्नही तिथेच झालं.

प्रोकोपी कोल्ह्यांची शिकार करी. बोलणं बेताचं. फ्योक्ला त्याला म्हणे, "कुत्र्यांशी बोलतोस त्याच्या निम्मं माझ्याशी बोललास तरी पोट भरेल माझं."

त्यांना एकच मुलगी. नऊ वर्षांची असताना घसा सुजून गेली. समुद्र गोठलेला, डॉक्टर यायचा कुठून? त्यांच्या नेनेत्स जमातीच्या रीतीने लाकडी पेटीत ठेवून तिला टेकडीवर, उघड्यावरच निजवलं. त्यानंतर दर वसंतात, पक्षी परतले की, फ्योक्ला वर जाई. जाळ करी, चहा ओती आणि वर्षभरात काय काय झालं ते लेकीला सांगत बसे. कोणाला मूल झालं, कोणाची होडी फुटली, सगळं.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात जहाज आलं. गणवेशातल्या माणसांनी वस्तीला गोळा केलं आणि बेट सरकारला हवं आहे, सगळ्यांनी निघायचं, असं सांगितलं. कशाला हवं ते कोणी विचारलं नाही. अंथरूण, भांडी, बंदूक नेता येणार होती. कुत्री नाहीत.

दुसऱ्याचा हात त्यांना लागू नये म्हणून प्रोकोपी स्वतःच बंदूक घेऊन आपली अकरा कुत्री एकेक करून टेकडीमागे घेऊन गेला. परत आला, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

फ्योक्ला लेकीकडे गेली. जाळ केला, चहा ओतला. पण आपण बेट सोडून निघालो, हे काही जिभेवर येईना. यंदा बदकं किती आलीत, अंडी किती सापडली, एवढंच बोलून ती उतरली.

मुख्य भूमीवरच्या अर्खांगेल्स्क शहरात त्यांना लाकडी घरात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. प्रोकोपीला जिना मानवेना, शहराचं पाणी मानवेना. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने अंथरूण धरलं. एकदा त्याने विचारलं, "तिला सांगून आलीस ना?"

"आले," फ्योक्ला म्हणाली.

"बरं केलंस. नाहीतर वाट बघत बसली असती."

चार दिवसांनी तो गेला.

बाप गेल्याचं तरी लेकीला कळवावं, म्हणून एकदा बेटावर जाऊ द्या, असा अर्ज फ्योक्लाने दिला. मग दुसरा दिला, तिसरा दिला. शेवटी एका कारकुनाने नकाशा उलगडून दाखवला. तिची वस्ती त्यावर नव्हती. "आजीबाई, इथे कोणी राहतच नव्हतं," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता; समोर जे छापलेलं होतं ते त्याने वाचलं.

एकसष्टच्या शरद ऋतूत गोदीवर कुजबुज सुरू झाली. नोवाया झेम्ल्याच्या बेटांवर सरकारने एवढा मोठा बॉम्ब फोडला म्हणे, की शेकडो कोस लांब खिडक्यांच्या काचा फुटल्या. कातडी बूट शिवायच्या कारखान्यात फ्योक्लाशेजारी बसणाऱ्या गालिनाने तिला हे सांगितलं. फ्योक्लाने एवढंच विचारलं, दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीच्या उत्तरेला की दक्षिणेला? गालिनाला ठाऊक नव्हतं.

फ्योक्लाने सुई खाली ठेवली. "तिला मी सांगितलंच नाही गं," ती म्हणाली. "बदकांच्या गप्पा मारून आले. आणि म्हाताऱ्याशीही खोटं बोलले."

गालिनाला त्यातलं काही कळलं नाही. "कोणाला, मावशी?"

तेव्हा फ्योक्लाने, पहिल्यांदाच, सगळं सांगितलं. भोवतालच्या बायकांची यंत्रं एकेक करून थांबली. सुटीचा भोंगा झाला तरी कोणी उठलं नाही. मग गालिनाने तिला कोट घातला, बटणं लावली आणि घरापर्यंत हात धरून नेलं.