दोन डब्यांचा अबोला

धारूरला आमच्या गाळ्यात बसून मी आठ महिने एका बाईशी भांडले, आणि त्या आठ महिन्यांत तिच्याशी चकार शब्द बोलले नाही. ती माझी धाकटी जाऊ. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचं लई पटायचं, तीच पंचाईत. अख्ख्या सासरात माझी ती एकटीच मैत्रीण.

भांडण लागलं बीडच्या दुकानात. दोघींनी मिळून गेम पार्लर काढायचं ठरलं होतं. गेमचा डबा, टीव्ही, चार खुर्च्या, झालं. दुकानदारानं दोन डबे पुढ्यात ठेवले, एक काळा, एक पांढरा, दोन वेगळ्या कंपन्यांचे. राक्षस मारायचा नवा गेम फक्त काळ्यावर चालतो, म्हणाला, पांढऱ्यावर यायचाच नाही. हिला पांढरा पाहिजे, कारण त्यावर गाड्यांच्या शर्यती चांगल्या. मी म्हणाले राक्षस, ती म्हणाली गाड्या. शेवटी माझं तोंड सुटलं. "तुला धंद्यातलं काय कळतंय गं?" तिनं पांढरा डबा घेतला, मी काळा, आणि परतीच्या एसटीत ती पार पुढच्या सीटवर जाऊन बसली.

पंधरा दिवसांत रस्त्यापलीकडं, बरोबर माझ्या पार्लरसमोर, तिचंही उघडलं.

मी पेंटरला बोलावून पाटी रंगवून घेतली. 'राक्षसांचा गेम फक्त इथेच.' त्यातला 'च' मुद्दाम लाल आणि वीतभर काढायला लावला, तिच्या खुर्चीतून दुसरं काही दिसूच नये म्हणून. खरं सांगते, मला कंपनीची अक्कल पटली होती. चांगला गेम आपल्याच डब्यावर अडवून ठेवायचा, मग गेमसाठी माणूस झक मारत डबा घेतो. ट्रॅक्टरवाले, कॉलेजातले, बँकेतला क्लार्क, सगळे माझ्याकडं. तिच्याकडं माश्या. जागा असली तरी मी दारात येऊन मोठ्यानं म्हणायची, "थांबा हो जरा, बसायला जागा न्हाई."

रविवारी सासूबाईंकडं जेवायला जमलो की ती वरणाच्या पातेल्याशी बोलायची. "पातेल्या, कुणाला वाढायचं राहिलंय का बघ." मी तांब्याला सांगायची, "तांब्या, आमचं झालंय म्हणावं." सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरची भांडी लई बोलाया लागली." हसू दोघींना यायचं, पण आधी हसायचं कुणी? घरी आले की मला रडू फुटायचं. पार्लर भरलेलं, आणि ते जिला सांगावं ती रस्त्यापलीकडं बसलेली.

मग एके दिवशी क्लार्क म्हणाला, "मावशी, राक्षसांचा गेम पांढऱ्यावर बी आला."

"कावून?"

"गेम बनवायला लई खर्च येतो. एका डब्याच्या गिऱ्हाइकांवर भागंना त्यांचं. आता सगळ्या डब्यांवर विकणार. वर हिकडचा माणूस तिकडच्याबरोबर खेळू शकतोय."

"म्हणजे त्या दोन कंपन्यांचं जमलं?"

"धंद्यापुरतं."

माझं डोकंच फिरलं. ज्यांच्यापायी मी घरचं माणूस तोडलं, ते मेले खुशाल हातमिळवणी करून मोकळे, आणि आम्हाला साधं कळवलंही नाही.

संध्याकाळी समोर पाटी लागली. 'राक्षसांचा गेम इथेही.' 'ही' लाल, वीतभर. अक्षर ओळखीचं होतं. मी पेंटरला गाठून झाडलं, तर म्हणतो, "वहिनी, मी बी दोनी डब्यांवर चालतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लार्कनं इकडचे चार विरुद्ध तिकडचे चार असा सामना लावला. आमच्यात एक गडी कमी पडला. "मावशी, तुमीच बसा," म्हणत त्यानं माझ्या कानाला माईकवाला हेडफोन अडकवला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. रस्त्यापलीकडं तीही कानाला तसलाच अडकवून खुर्चीत बसलेली दिसली. या गेममध्ये राक्षसांबरोबर एकमेकांनाही मारता येतं. मला राक्षसांशी काही देणंघेणं नव्हतं. मी तिलाच शोधत फिरत होते.

आणि कानात आवाज आला, "आक्का, मागं बघा."

माझा अंगठा बटणावरच थांबला. मला मरू द्यायचं नाही म्हणून तिनं अबोला मोडला होता. डोळे भरून आले, नीट दिसेना, तरी मी मागं वळले. मागं कुणीच नव्हतं. तेवढ्यात पाठीत गोळी बसली, आणि पडद्यावर माझ्या मढ्याजवळ ती उभी.

ती कानात खिदळत होती, तिकडं खुर्चीतही पोट धरून वाकली होती.

"गधडे," मी म्हणाले. डोळ्यांतलं पाणी पुसायला पदर शोधत होते आणि हसू काही आवरत नव्हतं.

क्लार्क म्हणाला, "मावशी, उठा. तुमचा खेळ संपला."

"संपत न्हाई," मी म्हणाले. "मला परत जिवंत कर. हिला मारल्याबिगर मी उठायची न्हाई."