सलग कापड

शिवणकाकूंच्या घरात सलग असं काही नव्हतं. नवरा कापडाच्या दुकानात कामाला. ताग्यांची उरलेली टोकं तो घरी आणायचा आणि काकू ती एकमेकांना जोडून पडदे, उशांचे अभ्रे, अंगावरचे कपडे शिवायच्या. पाठ एका रंगाची, बाह्या दुसऱ्या. मुलगी याच कपड्यांत वाढली.

दुकानात नवऱ्याच्या जिभेवर साखर असायची. "ताई, मन मारू नका. पैसा काय, हाताचा मळ!" असं म्हणत तो एकामागून एक तागे उलगडायचा. घरी येईपर्यंत ती साखर विरघळून जायची. दोऱ्याचं नवं रीळ दिसलं, की "उधळी आहेस!" पाहुण्याच्या चहात दूध थोडं जास्त पडलं, तरी उधळी. मुलीने लहानपणी विचारलं होतं, "बाबा, उधळी म्हणजे काय?"

"जिच्या हातात पैसा टिकत नाही, ती."

काकूंना तेव्हा हसू आलं होतं. शिलाईचे पैसेसुद्धा संध्याकाळी त्याच्याच खिशात जायचे. हातात राहायलाच मिळत नाही तो टिकणार कुठून?

मुलीला एका मोठ्या कचेरीत नोकरी लागली. पहिल्या दिवशी तरी तिने बिनजोडाचा ड्रेस घालावा, एवढंच काकूंच्या मनाने घेतलं. नवऱ्याला सांगून पाहिलं.

"जुन्यालाच करड्या बाह्या लाव की," तो म्हणाला. "तुकडा पडलाय घरात. कोण बघतंय?"

त्या महिन्याचे शिलाईचे पैसे काकूंनी त्याला दिलेच नाहीत. भर दुपारी दुकानात गेल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. गल्ल्यावरच्या मालकाने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याचं तोंड मात्र पार उतरलं.

"काय दाखवू... ताई?"

"तो निळा. वरच्या फळीवरचा."

"महाग आहे तो," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"असू द्या हो, भाऊ. पैसा काय, हाताचा मळ."

"अरे, काढ ना!" मालक खेकसला. "आलेल्या गिऱ्हाइकाला काय परतवतोस?"

तागा उलगडला. मीटरपट्टीला लावताना नवऱ्याने कापड ओढलं. ताणून मोजायचं आणि दर मीटरला चार बोटं वाचवायची, ही त्याची जुनी करामत. तिथलं कापड कमीच भरतं म्हणून शेजारणी कुरकुरायच्या, आणि काकू निमूटपणे त्यांच्या बाह्या आखूड शिवून द्यायच्या. आज तोच हात पोटच्या पोरीच्या कापडावर चालत होता आणि सवयीच्या भरात नवऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"भाऊ, ढिलं सोडून मोजा."

मालक मान वर करून बघत राहिला. नवऱ्याने पुन्हा मोजलं. त्याचे कान लाल झाले होते.

"चारचौघांत अब्रू घालवलीस माझी," घरी आल्यावर तो म्हणाला.

"बरोबर मोजायला लावलं, एवढंच."

"उधळी ती उधळीच!" त्यानंतर त्याने बोलणंच टाकलं.

काकूंनी कापड बेतायला घेतलं. आयुष्यभर तुकडेच कापले होते, म्हणून सलग कापडावर कात्री ठेवण्याआधी त्यांनी तीनदा मापं घेतली. ड्रेस असा बसला, की जणू मुलीच्या अंगावरच विणला होता. आरशापुढे ती हरखली. मग तिने किंमत विचारली आणि ऐकताच ड्रेस उतरवून त्याची घडी घालायला लागली.

"रोजच्या वापराला एवढं भारी कशाला, आई? ठेवून देते. त्या जुन्यालाच बाह्या लावून दे ना."

"अगं, पहिला दिवस आहे तुझा."

"म्हणून काय पैसे असे उडवायचे? तू पण ना, जरा हात आखडता घेत जा."

दारातून नवऱ्याचा आवाज आला. इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि खुशीत होता. "ऐकलंस? पोरगी शहाणी निघाली!"

काकूंनी मशीनमधला निळा दोरा तोडला.

"निघणारच," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर गेलीय."