धुडकूनाना पाटकरी आणि चेंगडूचं पाणी

धुडकूनाना पाटाच्या कडेने चालायचे ते पाण्याच्या चालीने. पाटाला ओढ असली की नाना झपझप निघायचे, आणि पाणी रेंगाळलं की तेही रेंगाळायचे. मला हे ठाऊक नव्हतं. मी मूळचा जळगावच्या मेहरूणचा. धुळ्याला पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून बदली झाली आणि पहिल्याच आठवड्यात पांझरेकाठच्या त्यांच्या गावी बंधारा पाहायला गेलो. पासष्टीचा, काटक अंगाचा, खांद्यावर फावडं टाकलेला हा माणूस माझ्याबरोबर इतका सावकाश चालत होता, की मला वाटलं, त्यांचा गुडघा दुखत असावा. मी म्हणालो, "नाना, दमला असाल तर बसू या जरा."

त्यांनी पाटाकडे बोट केलं. "मी नही दमनू, भाऊ. पानी दमेल शे. वर कुठंतरी गाळ धरला आहे त्याने."

आम्ही वर चालत गेलो. दोनेकशे पावलांवर पाटाच्या तळाशी गाळाचा चांगला हातभर उंचवटा निघाला. मी पिशवीतून मापाची पट्टी आणि वही काढली होती. मी ती पुन्हा आत ठेवली.

पांझरेवरचे हे बंधारे फार जुने. नदीचं पाणी साठवून ठेवायचं नाही, दगडी बांधाने थोडं वळवायचं आणि पाटाने शेतांपर्यंत न्यायचं, एवढाच त्यांचा हिशेब. शेतांचे मोठाले तुकडे पाडलेले असतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाळीप्रमाणे पाणी घ्यायचं. ही पाळी सांभाळणारा, पाणी फिरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. तो सरकारचा नोकर नसतो, गावाने नेमलेला असतो. नानांचे वडील पाटकरी होते, आजोबाही. नाना चौथीपर्यंत शिकलेले. माझ्याशी ते शाळेतल्या मराठीत बोलायला सुरुवात करत आणि मनातलं बोलायची वेळ आली की अहिराणीत शिरत.

आमची ओळख वाढली तशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पाटाच्या अगदी शेवटी वेणूअक्का नावाच्या विधवा बाईंचं दीड एकर शेत होतं. त्यांच्या शेताकडे जायची वेळ आली की नाना काहीतरी निमित्त काढून मागे राहायचे. बंधाऱ्यात गाळ साचत गेला होता, वरच्या शेतकऱ्यांनी पाटाला मोटारी लावल्या होत्या, दरवर्षीची साफसफाई बंद पडली होती. वेणूअक्कांच्या शेतात सहा वर्षांत पाटाचं पाणी पोचलं नव्हतं. त्या कधी भांडायला आल्या नाहीत. नाना समोरून आले की पदर सावरून "चहा लेतस का नाना?" एवढंच विचारायच्या. नाना मला एकदा म्हणाले, "भाऊ, तिने शिवी दिली असती तर बरं होतं. ती चहा विचारते."

चीनचा विषय माझ्यामुळेच निघाला. चेंगडू शहराजवळ दुजियांगयान नावाचं एक गाव आहे. तिथे दोन हजार वर्षांहून जुनी पाण्याची व्यवस्था आजही चालते. नदीवर धरण नाही. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घालून नदीचे दोन भाग केलेले, आणि त्यातला एक भाग डोंगर फोडून मैदानाकडे वळवलेला. एका दुपारी बंधाऱ्यावर बसलो असताना मी नानांना मोबाइलवर त्याचे फोटो दाखवले. त्यांनी फोन हातात घेतला आणि कितीतरी वेळ परत दिला नाही. मग विचारलं, "दोन हजार वर्सं? आणि अजून चालू शे?"

"चालू आहे."

"म्हणजे त्यांच्याकडे इतके पाटकरी होऊन गेले," ते म्हणाले. त्यांना बांधाचं नवल वाटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसांची रांग उभी राहिली होती.

नानांचा मुलगा प्रकाश सुरतेला कापडाच्या धंद्यात होता. वडिलांना कुठेतरी यात्रेला न्यावं, असं त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. त्याने काशी विचारली, रामेश्वर विचारलं. नाना म्हणाले, "माले चेंगडूले धाड." प्रकाशने मला फोन केला. त्याला वाटलं, वडिलांच्या डोक्यावर काही परिणाम झाला. मी सगळं समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बरोबर जाल का? मला धंदा सोडून निघता येणार नाही." मी हो म्हणालो. कोविडच्या आधीचं वर्ष होतं ते.

मे महिन्यात जायचं ठरलं, कारण तेव्हा आमचा पाट कोरडा असतो आणि तिकडे भाताची लावणी चाललेली असते. मी पाच दिवसांचा आराखडा केला. पहिला दिवस शहर आणि जुन्या गल्ल्या, दुसरा दिवस पांडा अस्वलं, तिसरा डोंगरात कोरलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती, चौथा दुजियांगयान, पाचवा चहाची दुकानं आणि खरेदी. मी तो वाचून दाखवला. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आतून जुन्या कॅलेंडरचं एक पान आणलं. त्याच्या मागे पेन्सिलीने त्यांनी स्वतःचा आराखडा काढला होता. वरपासून खालपर्यंत एक रेघ, तिला फाटे, आणि रेघेवर पाच ठिपके.

"पहिला दिवस तोंड," ते ठिपक्यावर बोट ठेवत म्हणाले. "दुसरा दिवस परत तोंड. पहिल्या दिवशी माणूस भांबावतो, त्याला काही दिसत नाही. तिसरा दिवस पाटाबरोबर शहरात यायचं. चौथा दिवस शेवट."

"शेवट म्हणजे?"

"तो पाट जिथे संपतो ते शेत. पाट तोंडाशी पाहून कळत नाही, भाऊ. तोंडाशी सगळ्यांकडेच पाणी असतं. त्यास्ना शेवटला माणूसले पानी भेटस का, तेवढंच माले देखनं शे."

मी नकाशा उघडून दाखवला. त्या पाटाचे फाटे अख्ख्या मैदानात पसरलेले होते, शेवट एक नव्हता, हजारो असतील. नाना म्हणाले, "मग एक धरू." आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी ते माझ्या खोलीवर यायचे आणि आम्ही फोनवरच्या उपग्रहाच्या चित्रात एकेक फाटा धरून खाली सरकायचो. शेवटी त्यांनी एक निवडला. बारीक होत होत तो एका वस्तीमागच्या हिरव्या तुकड्यांत दिसेनासा होत होता. "इथे कोणीतरी वेणूअक्का असणार," ते म्हणाले. पाचवा दिवस त्यांनी माझ्या अस्वलांना दिला.

पासपोर्टच्या अर्जात व्यवसायाच्या जागी 'शेती' लिहू, असं मी सुचवलं. नानांनी 'पाटकरी' लिहायला लावलं. काउंटरवरच्या मुलीने म्हणजे काय म्हणून विचारलं तेव्हा ते तिला दहा मिनिटं समजावत होते, मागच्या रांगेसकट.

चेंगडूला उतरलो तेव्हा त्यांच्या पिशवीत बाजरीच्या कडक भाकऱ्या, लसणाची चटणी आणि शेंगदाणे होते. तिथल्या तिखटाचं त्यांना कौतुक वाटलं, एका मिरीसारख्या मसाल्याने मात्र जीभ बधिर झाली, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "तिखट आपलंच आहे, पण ह्यांनी त्यात झोपेची गोळी टाकली." दुसऱ्या सकाळी आगगाडीने आम्ही दुजियांगयानला गेलो.

तो बांध मी चित्रात शंभर वेळा पाहिला होता. आता त्याच्या समोर उभा होतो. डोंगरातून हिरवट, थंडगार, घोंघावणारी नदी येत होती आणि त्या निमुळत्या टोकाशी आल्यावर कुठलीही खळखळ न करता दोन वाटांनी निघून जात होती. नानांनी चपला काढल्या, टोपी काढून हातात घेतली आणि कठड्याला धरून उभे राहिले. लोक येत होते, फोटो काढून जात होते. दोन तास झाले. मी पाण्याची बाटली पुढे केली ती त्यांना दिसली नाही.

दुपारी ते बोलायला लागले. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला जातं आणि गाळ आतल्या अंगाला सरकतो, तो पुराच्या वेळी ह्या बुटक्या सांडव्यावरून आपोआप परत नदीत फेकला जातो, हे त्यांनी मला हाताने हवेत आकृत्या काढून सांगितलं. ते अगदी बरोबर होतं. मी पुस्तकात वाचलेलं होतं, नाना ते नुसते पाहून सांगत होते. मला त्या बांधाचं जेवढं नवल वाटलं त्याहून जास्त ह्या माणसाचं वाटलं. ज्याने हे बांधलं तो आज येऊन उभा राहिला असता, तर त्या गर्दीत त्याला बोलायला माझ्यासारखा पदवीवाला उपयोगी पडला नसता. त्याने नानांचा हात धरला असता.

चौथ्या दिवशी आम्ही गाडी ठरवली. चालक तिशीचा, हसरा होता. त्याला फोनवर भाषांतर करून सांगितलं, की ह्या पाण्याच्या मागे मागे चल. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मोठ्या कालव्यापासून मधला, मधल्यापासून लहान, असं करत दुपारी आम्ही नानांच्या ठिपक्याशी पोचलो. पाट तिथे हातभर रुंदीचा झाला होता. पलीकडे रबरी बूट घातलेला एक म्हातारा भाताच्या खाचराचा बांध नीट करत होता.

नानांनी त्याला हात जोडले. म्हाताऱ्याने मान लववली. नाना मला म्हणाले, "त्याला विचार, तुझ्याकडे पाणी येतं का?"

मी फोनमध्ये इंग्रजीत लिहिलं, फोन चिनीत बोलला. म्हाताऱ्याने ऐकलं आणि चालकाकडे पाहिलं. चालकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. म्हातारा काहीतरी म्हणाला, ते फोनच्या पडद्यावर उमटलं. मी नानांना सांगितलं, "तो म्हणतो, येतं. इकडेच येतं. दुसरीकडे कुठे जाईल?"

"परत विचार. एखाद्या वर्षी येत नसेल."

परत विचारलं. म्हातारा आता जरा गोंधळला. त्याने पाटाकडे हात केला, जणू आम्हाला दिसत नसावं. मग आठवून म्हणाला, की हिवाळ्यात गाळ काढतात तेव्हा काही दिवस बंद असतं. गाळ कोण काढतं, असं नानांनी विचारलं. पूर्वी आम्ही सगळी गावं मिळून काढायचो, आता यंत्रं काढतात, पण काढायचं चुकत नाही, असं तो म्हणाला, आणि आपल्या कामाला लागला.

नाना पाटाच्या कडेला खाली बसले. त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले आणि तसेच ठेवले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. चालक गाडीकडे निघून गेला. मीही थोडा दूर जाऊन उभा राहिलो.

परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "त्याले मन्हा सवालच समजना नही, भाऊ." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

पाचव्या दिवशी पांडा पाहिले. एक पांडा पाठीवर पडून बांबू खात होता. नानांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ह्याले पाटकरी करानं नही." त्या सहलीत ते तेवढे एकदाच मोकळे हसले.

गावी आल्यावर मारुतीच्या पारावर लोक जमले. विमान कसं होतं, काय खाल्लं, हे सगळं विचारून झाल्यावर नानांनी त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, आणि वेणूअक्कांच्या शेतापायी आपण पाटाचा शेवट शोधत गेलो, हेही. लोकांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फावडं घेऊन बंधाऱ्यात उतरले. त्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर कधी चार, कधी सहा माणसं होती. गाळ होता तिथेच राहिला, म्हणायला हरकत नाही. मी खात्याकडे प्रस्ताव पाठवला होता. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता. नानांनी मला त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात टाळेबंदी लागली. सुरतेला, नाशिकला गेलेली गावातली तरुण माणसं घरी परतली आणि नुसती बसून राहिली. प्रकाशही आला होता. नाना दारोदार गेले. तोंडाला उपरणं बांधून, लांब उभं राहून ते एकेकाला सांगत होते, "अंतर ठेवून गाळ काढता येतो. बंधारा मोठा शे." पहिल्या दिवशी वीस जण आले, आठवड्याने जवळजवळ अख्खं गाव. मोटारीवाल्यांशी प्रकाश बोलला. काहींनी मोटारी काढल्या, काहींनी नाही काढल्या. त्या हिवाळ्यात पाट सोडला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. पाणी वेणूअक्कांच्या बांधाशी आलं तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. नानांनी फावड्याने बांध फोडला आणि म्हणाले, "अक्का, आज चहा दे."

तिथून पुढे दरवर्षी पाणी पोचलं. एका वर्षी कमी, पण पोचलं.

गेल्या पौषात नाना गेले. चार दिवस ताप आला, एवढंच. मला निरोप मिळेपर्यंत उशीर झाला होता. दहाव्याला गेलो. त्याच दिवशी पारावर बैठक होती, कारण पाट चालू होता आणि पाटकरी नव्हता. प्रकाश सुरतेला परत जाणार होता. सरपंचांनी दोन-तीन नावं घेतली. कोणी म्हणालं वेळ नाही, कोणी म्हणालं भांडणं कोण ओढवून घेणार.

बायकांच्या बाजूने वेणूअक्का उठल्या. साठीच्या बाई, पारावर कधी तोंड उघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी फिरावसू पानी." कोणीतरी म्हणालं, "अक्का, बंधारा कुठे, तुझं शेत कुठे. रोज तेवढं चालायचं म्हणजे."

वेणूअक्का म्हणाल्या, "नाना मन्हाकरता चीनलोंग जाई उनात. माले बंधारापर्यंत जावाले काय जड शे?"

सरपंच काही बोलायच्या आत त्या पारावरून खाली उतरल्या आणि नानांच्या घराकडे फावडं आणायला गेल्या.