आईचा बार

कळंबला मोंढ्याच्या रस्त्यावर आता जिथं मोबाइलचं दुकान आहे, तिथं गेल्या वर्षापर्यंत एक परमिट रूम होती. मी तिला आईचा बार म्हणते. आई काही मालकीण नव्हती, आणि पिणं तर लांबच, नुसता वास आला तरी तिला मळमळायचं. पण तिथली भुर्जी, मटकीची उसळ आणि मसाला शेंगदाणे तेवीस वर्षं तिच्या हातचे होते. निम्मी गिऱ्हाइकं बाटलीसाठी नव्हे, बशीसाठी यायची, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वयंपाकघर मागं होतं. आई मागच्या बोळातनं यायची आणि मागच्या बोळातनंच जायची. स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी होती, बशी सरकवण्यापुरती. पलीकडच्यांना आईचा फक्त हात दिसायचा आणि आईला पलीकडचे फक्त ऐकू यायचे. त्यामुळं तिनं सगळ्यांना आवाजावरनं नावं पाडली होती. एक होते 'खोकलेवाले'. एक 'राजीनामा', कारण ते रोज संध्याकाळी नोकरी सोडायचे आणि सकाळी मुकाट कामावर जायचे. एक 'म्हणजे कसंय', त्यांचं प्रत्येक वाक्य तिथनंच सुरू व्हायचं. आई घरी येऊन या सगळ्यांच्या बातम्या सांगायची. खोकलेवाल्यांच्या मुलीला बँकेत नोकरी लागली तेव्हा आमच्या घरी शिरा झाला होता. ते गृहस्थ कोण, हे आम्हाला अजिबात ठाऊक नव्हतं.

बाहेर मात्र यातलं अवाक्षर काढायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. कुणी विचारलं तर आई खानावळीत कामाला जाते. हे मी शाळेत सांगितलं, कॉलेजात सांगितलं, आणि लग्न ठरताना ईट गावच्या पाहुण्यांसमोर तर इतकं रंगवून सांगितलं की सासूबाईंनी विचारलं, रोज किती माणसं जेवतात? मी ठोकून दिलं, साठ-सत्तर. मला लाज वाटायची. तेव्हा आईच्या कामाची वाटायची, आता माझी मला वाटते.

मग मालक थकले, त्यांची मुलं पुण्याला, आणि बार बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं आणि आईला निरोप धाडला, "वैनी, आज पुढच्या दारानं यायचं." मी माहेरी आलेले होते. आई म्हणाली, "तू चल संगं. मला एकटीला जमायचं न्हाय."

आत पंधरा-वीस माणसं होती, बहुतेक पिकल्या केसांची. आई दिसताच सगळे उभे राहिले. एकानं तर हातातला ग्लास घाईनं खुर्चीखाली ठेवला. आई पदर सावरत एकेकाकडं बघत राहिली.

"नुसतं बघून मला कोन कुटला ते कळंना," ती म्हणाली. "बोला की कायतरी."

झालं! ज्यांच्या बडबडीपुढं मालकांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा, ती मंडळी शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी गप्प. शेवटी एक उंच गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे कसंय मावशी..." आई टाळी वाजवून हसली. मग एकेक जण बोलत गेला आणि आई ओळखत गेली. राजीनामावाले आता निवृत्त झाले होते. त्यांना तिनं विचारलं, "शेवटी दिला का न्हाय?" आणि सगळा बार खो खो हसला.

त्या हशातच माझा फोन वाजला. सासूबाई होत्या. त्यांना मी आत्या म्हणते.

"कुठं हाईस गं? लई गलका ऐकू यायलाय."

खानावळ हा शब्द जिभेवर तयारच होता. पण समोर माझी आई वीस माणसांमध्ये खुर्चीवर बसली होती, आणि इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

"आईच्या बारमध्ये आहे, आत्या," मी म्हटलं. "खानावळ नव्हतीच कधी. मी खोटं सांगितलं होतं."

आई उठली आणि तिनं माझ्या हातातनं फोन घेतला.

"विहीणबाई, पोरीला बोलू नका. तिला आमीच तसं शिकवलं. तेवीस वर्षं म्या हितं रांधलंय, आन् चांगलं रांधलंय."

मग ती ऐकत राहिली. बराच वेळ नुसतं "व्हय" आणि "व्हय की" चाललं होतं. आईनं फोन माझ्याकडं दिला तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसू दाबत होते.

"उद्या येते म्हणाल्या भुर्जी खायला," ती म्हणाली. "आदीच सांगितलं असतं तर इतकी वर्सं तुमच्या घरी नुसतं पिठलं खाल्लं नसतं, म्हणाल्या."